शब्दांची चिकित्सा आणि श्रद्धा

निलंग्याच्या परिसरात विद्यापीठीय शिक्षण फार उशिरा आले. हा तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. निजामाच्या राजवटीत विद्यापीठ म्हणजे १९१८ साली स्थापन झालेले हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ, आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. पुढे १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्यातूनच १९९४ साली नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे झाले. आज या भागातील शेतकऱ्याची मुलगी मराठी विषय घेऊन पदवीच्या पुढे जाते, तेव्हा भरताचा रसविचार, भामहाचे अलंकार, सोस्यूरची चिन्हमीमांसा आणि साहित्यप्रकारांचा सिद्धांत तिच्यासमोर येतो. याचा उपयोग काय, असे घरची मंडळी विचारतात. नोकरीपुरता तो प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर आम्ही येथे देणार नाही. आमच्यासारख्या ख्रिस्ती कुटुंबात त्याच्या पोटात दुसराही एक प्रश्न दडलेला असतो. शब्द माणसाच्या मनाला कसे वळवतात याची सगळी कळसूत्रे ज्याने पाहिली, त्याला प्रवचन ऐकून कधी गहिवरून येईल काय? प्रार्थना करताना तो उपमाच मोजत बसणार नाही काय?

ही भीती नवी नाही. संत ऑगस्टीन हा पेशाने वक्तृत्वशास्त्राचा शिक्षक होता. कार्थेज, रोम आणि मिलान येथे त्याने ती विद्या शिकवली. ३८६ साली त्याने ते काम सोडले आणि आपण शब्दांचा बाजार मांडला होता अशा अर्थाची कठोर कबुलीही लिहून ठेवली. येथवरची हकीकत आपण प्रवचनांतून ऐकलेली असते. तिचा पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. ख्रिस्ती शिकवणुकीवरील आपल्या ग्रंथात ऑगस्टीनने चिन्हांची मीमांसा केली, आणि त्याच ग्रंथाचा शेवटचा भाग धर्मोपदेशकाच्या वक्तृत्वाला वाहिला. असत्याच्या बाजूने बोलणाऱ्याने शस्त्र परजून यावे आणि सत्याच्या बाजूने बोलणाऱ्याने मात्र रिकाम्या हाताने उभे राहावे, हे त्याला पटत नव्हते. दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. संत अँब्रोजची प्रवचने ऐकायला तो प्रथम गेला तो केवळ भाषाशैली पारखायला. शैली पारखता पारखता आशय आत शिरला. चिकित्सेची खिडकी उघडी होती म्हणूनच तो शिरला, असे आम्हांला वाटते.

साहित्यप्रकारांच्या अभ्यासाचे मोल समजण्यासाठी तर परदेशी जाण्याचेही कारण नाही. श्रीचक्रधरांचे दृष्टांत केशिराजांनी 'दृष्टांतपाठा'त ग्रथित केले. त्यांची रचना तिपदरी आहे. आधी सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे ती कथा ज्याला लागू करायची ती बाब. आता शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील नाथान संदेष्ट्याची गोष्ट आठवावी. दाविदाने उरियाची पत्नी घेतली आणि उरियाला युद्धात मरू दिले. नाथान त्याला एका श्रीमंताची गोष्ट सांगतो. त्या श्रीमंताने स्वतःचे कळप राखून गरिबाची एकुलती एक मेंढी कापली. दाविदाला वाटते, न्यायासाठी आलेले हे एक प्रकरण आहे. तो संतापून दंड सुनावतो. त्याने प्रकार ओळखण्यात चूक केली होती. ते प्रकरण नव्हते, दृष्टांत होता, आणि दार्ष्टांतिक सिंहासनावर बसले होते. नाथानाने सरळ आरोप केला असता तर राजाने कारणे दिली असती. आपण कोणत्या प्रकारचे बोलणे ऐकत आहोत, हा प्रश्न वर्गातल्या परीक्षेपुरता नसतो, हे दाविदाला त्या दिवशी कळले.

चिन्हांच्या बाबतीत चूक झाली तर ती याहून महाग पडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे निलंग्याला लागून असलेल्या औसा तालुक्यातील किल्लारी आणि भोवतालची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. सरकारी मोजणीप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे गेली. अशा वेळी दुःखाच्या जोडीने एक प्रश्न उठतोच, ही कशाची खूण? १९३४ च्या बिहार भूकंपानंतर खुद्द गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड म्हटला होता. हेतू उदात्त होता, तरी रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला, आणि आमच्या मते रवींद्रनाथांचे बरोबर होते.

येथे ऑगस्टीनने केलेला एक भेद उपयोगी पडतो. काही चिन्हे नैसर्गिक असतात. धुरावरून अग्नी कळतो, पण धुराला काही सांगायचे नसते. काही चिन्हे हेतुपूर्वक दिलेली असतात, जसे शब्द. किल्लारीच्या ढिगाऱ्यांनी जे सांगितले ते भूगर्भाविषयी होते. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदे यांविषयी होते. त्या नैसर्गिक चिन्हाला निकालपत्र समजून वाचले की मेलेली लेकरे आरोपी ठरतात. ही नुसती बुद्धीची चूक नव्हे, शेजाऱ्यावरचा अन्याय आहे. यावर कोणी म्हणेल, सारी सृष्टी देवाचे गौरव गाते असे स्तोत्रकार सांगतोच ना? सांगतो, पण ते स्तोत्र आहे. स्तुतीच्या भाषेला आरोपपत्राच्या जागी बसवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती हा अर्थ येशूने साफ नाकारला. त्याने बोलण्याची दिशा मेलेल्यांकडून काढून ऐकणाऱ्यांकडे वळवली.

योगायोगाने त्याच १९९३ साली ख्रिस्तसभेच्या बायबल आयोगाने पवित्र शास्त्राच्या अर्थनिर्णयावर एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात वक्तृत्वशास्त्रीय, कथनशास्त्रीय आणि चिन्हमीमांसात्मक या तिन्ही पद्धतींचा नावानिशी विचार आहे. त्यांचे स्वागत आहे, मर्यादाही दाखवल्या आहेत. संहितेबाहेर काही नाहीच, इतिहास नाही, बोलणारा नाही, असे मानणाऱ्या चिन्हमीमांसेपासून सावध राहण्यास सांगितले आहे. आम्हांला ही सावधगिरी योग्य वाटते. सगळ्यांतून आरपार पाहणाऱ्याला शेवटी काहीच दिसत नाही, आणि असे विद्वान आम्ही पाहिले आहेत. मात्र त्याच दस्तऐवजाची सर्वांत कडक टीका या पद्धतींवर नाही. ती आहे शास्त्रवचनांचा प्रकार, काळ आणि हेतू न पाहता अक्षरशः अर्थ काढणाऱ्यांवर.

तेव्हा या विद्येला आपल्या धर्मग्रामात काही काम आहे काय? एक तर अगदी हाताशी आहे. रविवारी मिस्साला वाचन करण्यास उभी राहणारी मुले-मुली पत्र, स्तोत्र, कथा, भाकीत सारे एकाच सुरात वाचतात, जणू ग्रामपंचायतीची सूचना. पौलाचे फिलेमोनला लिहिलेले पत्र जेमतेम पंचवीस ओव्यांएवढे आहे. आपल्यापासून दूर गेलेल्या अनेसिम या दासाला धन्याने भावाप्रमाणे परत स्वीकारावे, एवढीच त्यातील विनंती. पौल म्हणतो, मला आज्ञा करता आली असती, पण मी प्रेमाने विनवतो. त्याचे काही देणे असेल तर मी फेडीन. तू स्वतःच माझा ऋणी आहेस हे मी बोलत नाही. बोलत नाही म्हणत ते बोलून टाकणे ही वक्तृत्वशास्त्रातील जुनी युक्ती आहे, आणि येथे ती एका दासासाठी वापरली आहे. अलंकारशास्त्र शिकलेल्या मुलीने हे पत्र वाचले तर त्या वाक्यापाशी ती क्षणभर थांबेल, आणि मागच्या बाकावर बसलेल्या एखाद्या फिलेमोनला आपल्याकडे काम करणारा माणूस आठवेल.