जेवलेलं लक्षात राहतं का?

परवा दुपारी तुम्ही काय जेवलात? काल नाही, परवा. भाजी कोणती होती, पोळ्या किती खाल्ल्या, मीठ कमी होतं की बरोबर? बहुतेकांना चटकन सांगता येणार नाही. त्या वेळी फोनवर काय चाललं होतं तेही आठवणार नाही. अर्धा तास गेला, ताट रिकामं झालं, आणि दोन्हीपैकी काहीच मागे राहिलं नाही.

'माइंडफुल ईटिंग' हा शब्द आता कुणाला नवा नाही. फोन लांब ठेवा, सावकाश खा, घास बत्तीस वेळा चावा. रील्समधून हा सल्ला रोज मिळतो आणि तो चुकीचाही नाही. पण तो बहुतेक वेळा वजनापाशी सुरू होतो आणि वजनापाशीच संपतो. मला त्यात एक वेगळा प्रश्न दिसतो. जेवताना लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं कशाकडे द्यायचं? ते फक्त आपल्या जिभेपुरतं आणि पोटापुरतं असतं का?

आधी पोटाचं बघू. 1998 मध्ये पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मेंदूला इजा झालेले दोन रुग्ण होते. नवीन काही घडलं की ते थोड्याच वेळात त्यांच्या आठवणीतून पुसलं जायचं. त्यांना दुपारचं जेवण दिलं, त्यांनी ते खाल्लं. ताट उचललं. दहा ते तीस मिनिटांनी पुन्हा जेवणाचं ताट समोर ठेवलं, तर त्यांनी तेही खाल्लं. तिसऱ्यांदा दिलं, तेव्हाही ते बऱ्याचदा खायला लागले. पोट भरलेलं होतं. जेवण झालंय ही आठवण मात्र नव्हती.

पोट भरल्याची जाणीव पोटातच तयार होते असं आपण धरून चाललेलो असतो. काही अंशी ते खरंच आहे. जठर ताणलं जातं, आतड्यांतून हार्मोन्स सुटतात, मेंदूला निरोप जातो. वजन कमी करण्याच्या नव्या इंजेक्शनांमुळे गाजलेलं जीएलपी-१ हे त्यांतलंच एक हार्मोन. या निरोपाला वेळ लागतो, म्हणून सावकाश जेवा असं सांगतात. पण रोझिनचे रुग्ण दाखवतात की एवढ्यावर भागत नाही. 'मी जेवलो' हे लक्षात असणं हासुद्धा पोट भरण्याचा एक भाग आहे. 2013 मध्ये 24 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तोही याच दिशेला जातो. लक्ष दुसरीकडे असताना माणसं त्या जेवणात जास्त खातात, आणि नंतरच्या खाण्यात त्याहूनही जास्त. जे नीट नोंदलंच गेलं नाही, त्याची भरपाई शरीर पुढे मागत राहतं.

इथे एक सावधगिरी हवी. या विषयात सोपे, चटकदार निष्कर्ष फार लवकर पसरतात. 'माइंडलेस ईटिंग' या पुस्तकामुळे जगभर नाव झालेले कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक ब्रायन वॉनसिंक यांच्याबाबत 2018 मध्ये विद्यापीठाने संशोधनातल्या गैरवर्तनाचा निष्कर्ष काढला. त्यांचे डझनाहून जास्त शोधनिबंध मागे घेतले गेले. त्यामुळे 'छोटं ताट घ्या, आपोआप बारीक व्हा' अशा वाक्यांवर फार भरवसा ठेवू नये. लक्ष देऊन जेवल्याने थोडा फायदा होतो, चमत्कार होत नाही, इतपत मानलं तरी पुरे.

मला आठवणीचा मुद्दा अडवतो तो दुसऱ्या कारणासाठी. 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्द ज्या पाली शब्दासाठी घेतला गेला, तो शब्द आहे 'सति'. आणि 'सति' हे संस्कृत 'स्मृती'चंच रूप. म्हणजे या साधनेच्या नावातच आठवण आहे. आत्ताच्या क्षणात राहा एवढंच ती सांगत नव्हती. काही गोष्टी विसरू नका, असंही सांगत होती.

संयुत्तनिकायात कोसलचा राजा पसेनदी, म्हणजे प्रसेनजित, याची एक गोष्ट येते. राजा भाताचं मोठं मापच्या माप संपवायचा. असाच भरपेट जेवून, धापा टाकत तो बुद्धाकडे आला. बुद्धाने त्याला जेवताना भान आणि प्रमाण ठेवण्याबद्दल एक छोटी गाथा ऐकवली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला सांगितलं, ही गाथा पाठ कर आणि मी जेवायला बसलो की रोज म्हणून दाखव. त्याबद्दल रोज शंभर कार्षापण मिळतील. हळूहळू राजाचं खाणं कमी झालं, अंग हलकं झालं, आणि तो खूश होऊन बुद्धाचे गुण गाऊ लागला.

गोष्ट राजाची म्हणून सांगितली जाते. माझं लक्ष सुदस्सनकडे जातं. राजाला स्वतःला भान ठेवायचं नव्हतं, म्हणून त्याने भान ठेवायला माणूस नेमला. आज हेच काम घड्याळ आणि कॅलरी मोजणारं अॅप करतं. पण अॅप येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या घरोघरी एक सुदस्सन होता. बहुतेक ठिकाणी अजूनही आहे, आणि त्याला शंभर सोडा, एक कार्षापणही मिळत नाही.

माझी आजी अकरा जणांचा स्वयंपाक करायची. आमटीला उकळी फुटल्याच्या वासावरून मीठ घातलंय की राहिलंय हे ती सांगायची. कुणाला भाकरी कडक लागते, कुणाला पापुद्रा सुटलेली, कुणाचं पोट बिघडलंय म्हणून तिखट कमी, कोण रागावून अर्ध्या ताटावरून उठलंय आणि रात्री त्याला दूध द्यायचंय, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. सगळ्यांचं झालं की ती बसायची, तव्याजवळची शेवटची भाकरी घेऊन, पातेलं पुसत. आम्ही नातवंडं विचारायचो, "आजी, तुला काय आवडतं गं?" ती हसून म्हणायची, "उरंल ते."

उत्तर गमतीचं होतं आणि अगदी खरंही होतं. सगळ्यांच्या चवी लक्षात ठेवणाऱ्या बाईची चव कुणाच्याच लक्षात नव्हती. तिच्या स्वतःच्याही नाही.

आता 'लक्ष देऊन जेवा' हा सल्ला पुन्हा बघा. घरातले बाकीचे निवांत, बेसावध जेवू शकतात, कारण एक जण सतत सावध असते. गरम पोळी ताटात येते, ताक संपलं की भरतं, मुलगा काय टाकतो ते कुणीतरी पाहतं. आपलं लक्ष फोनमध्ये असलं तरी जेवण नीट पार पडतं, कारण दुसऱ्या कुणाचं तरी लक्ष तिथेच असतं. उद्यापासून मी फोन बाजूला ठेवला, डोळे मिटले, वरणभाताची चव सावकाश घेतली, आणि तिसरी गरम पोळी आणायला आई उठली, तर माझ्या तब्येतीत कदाचित फरक पडेल. त्या घरातली लक्षाची वाटणी मात्र तशीच राहील.

हे लक्ष ठेवणं म्हणजे काम आहे, हे एरवीही आपल्याला ठाऊक असतं. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगार खानावळींवर जेवायचे आणि त्या चालवणाऱ्या बायका याच कामावर घर चालवायच्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळण्याची वाट केली. बाहेरच्या माणसाला जेवू घातलं की त्याचा हिशोब होतो. घरच्यांना घातलं की तो स्वभाव ठरतो.

'उरेल ते' याचा परिणाम अंगावरही दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 या काळात, देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांमध्ये 25 टक्के. याला पाळीपासून बाळंतपणापर्यंत अनेक कारणं आहेत, सगळं खापर पंगतीच्या क्रमावर फोडता येणार नाही. पण शेवटी बसणाऱ्या माणसाच्या ताटात डाळ पातळ आणि भाजी चमचाभर असते, हे समजायला सर्वेक्षण लागत नाही.

माइंडफुलनेसच्या वर्गात बेदाण्याचा एक प्रयोग करवतात. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण कमी करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यातून तो जगभर गेला. एक बेदाणा हातात घ्यायचा, जणू आयुष्यात पहिल्यांदाच पाहतोय असा बघायचा, हुंगायचा, मग सावकाश चावायचा. प्रयोग छान आहे, करून बघा. पण सांगली-तासगावच्या माणसाला बेदाणा पहिल्यांदा पाहिल्यासारखा पाहणं अवघड जाईल. द्राक्षं द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची, दोनेक आठवडे वाळू द्यायची, अवकाळी पावसाची धास्ती घेऊन आभाळाकडे बघत राहायचं, मग निवडायला बायका बसतात, मग सौदा. हे ज्याला आठवतं त्याचा बेदाणा वेगळा लागतो. काही शिक्षक अन्नामागचा सूर्य, पाऊस, शेतकरी आठवायला सांगतातही. ते चांगलंच आहे. गंमत अशी की दूरच्या शेतकऱ्याबद्दल कृतज्ञ वाटणं सोपं असतं. चार फुटांवर ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाबद्दल काही वाटलं, तर आपल्याला उठावं लागतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. प्रत्येक घासाला कुणाचे ना कुणाचे कष्ट आठवत बसलं तर जेवणातला आनंदच जाईल. अपराधी वाटून जेवणं हेही काही नीट जेवणं नव्हे. खरं आहे. पाहुणा हात आखडून जेवला तर घरच्या माणसालाही ते आवडत नाही. ज्याने रांधलं त्याला आपण चवीने खाल्लेलं हवं असतं. पण आठवण आणि अपराधीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपराधीपणात माणूस पुन्हा स्वतःकडेच बघत बसतो. आठवणीत त्याचं लक्ष समोरच्याकडे जातं.

दुसरा आक्षेप आणखी जवळचा. पीजीवर राहणाऱ्या मुलीने काय करायचं? ऑफिसातून रात्री साडेनऊला येऊन, कॉटवर बसून, डब्यातली गार भाजी खाताना समोर मालिका लावली तर तिला दोष द्यायचा? मला तसं वाटत नाही. एकट्याने जेवणाऱ्याला फोन ही सोबत असते. तिथे खरी अडचण एकटेपणाची असते, बेसावधपणाची नंतर. तिने मालिका जरूर लावावी, फक्त पहिले चार-पाच घास झाल्यावर. तेवढ्यात आज काय जेवतोय हे तरी नोंदलं जातं. आणि सिग्नलजवळ बाईकवर बसून पाच मिनिटांत वडापाव संपवणाऱ्या डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला सावकाश चावायला सांगणं ही थट्टा आहे. त्याला जेवायची सुट्टी हवी, आणि ती सुट्टी त्याच्या एकट्याच्या निश्चयातून मिळत नाही.

ज्यांच्याकडे अर्धा तास आहे आणि घरात दुसरं माणूस आहे, त्यांच्याकडून मात्र थोडं जास्त मागता येतं. "तू जेवलीस का?" एवढं विचारून ते भागत नाही, कारण त्याचं उत्तर ठरलेलं असतं, "हो हो, तुम्ही घ्या." त्यापेक्षा दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी स्वतः उठून पातेल्यात डोकवावं. किती उरलंय, अजून कोण जेवायचं आहे, त्यांच्या वाट्याला काय येईल, हे बघावं आणि मग किती घ्यायचं ते ठरवावं. आठवड्यातले काही दिवस तरी पोळ्या आपण कराव्यात किंवा आपण वाढावं. कुणाला काय लागतं हे आपल्या डोक्यात ठेवून बघावं. सगळ्यांच्या ताटांवर नजर ठेवत स्वतःच्या घासाची चव घेणं किती अवघड असतं, ते मग कळतं.

प्रसेनजिताच्या गोष्टीत प्रमाण ठरतं ते राजाच्या पोटावरून. अकरा माणसांच्या घरात ते पातेल्यावरून ठरायला हवं. पातेल्यात डोकावून आपण अर्धी वाटी भाजी कमी घेतली, तर सावकाश जेवण्याचे जे काही फायदे असतील ते आपल्याला मिळतीलच, आणि शेवटी बसणाऱ्या माणसाला ती अर्धी वाटी मिळेल. शक्य असेल तर गरम.