रोज येणारी माणसं

एप्रिल २०२५ मध्ये सोनी वाहिनीने एका माणसाला श्रद्धांजली वाहिली. फोटो, खाली नाव आणि नावापुढे १९९८ ते २०२५ अशी सालं. नाव होतं एसीपी प्रद्युमन. ‘सीआयडी’ मालिकेतलं हे पात्र. ते रंगवणारे शिवाजी साटम आपल्यातच होते, त्याच महिन्यात त्यांनी वयाची पंचाहत्तर वर्षं पूर्ण केली. तरी लोक हळहळले, चिडले, वाहिनीला जाब विचारू लागले. काही आठवड्यांत एसीपी परत आले.

अशा वेळी घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, “अहो, मालिका आहे ती. खरं थोडंच आहे?” हे वाक्य मला फार कोरडं वाटतं. ज्याच्या डोळ्यांत पाणी आलंय त्याला ती मालिका आहे हे पक्कं ठाऊक असतं. अमर उपाध्याय यांनी सांगितलेली एक आठवण आहे. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मध्ये त्यांचा मिहिर मरण पावला तो भाग लागला होता, आई टीव्हीसमोर बसून रडत होत्या आणि हा मुलगा धडधाकट त्याच घरात होता. जिने त्याला जन्म दिला तिला खरं-खोटं कळत नव्हतं असं कोण म्हणेल? तिला दोघंही आपले होते, पोटचा मुलगाही आणि रोज रात्री भेटणारा मिहिरही. प्रेक्षकांच्या आग्रहापुढे अंधेरीतल्या निर्मात्यांना तो मिहिर परत आणावा लागला.

आपल्याकडे हे वेड केबल टीव्हीबरोबर आलं असंही नाही. १९८४ साली दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली तेव्हा प्रत्येक भागाच्या शेवटी येऊन दोन शब्द बोलणाऱ्या अशोककुमारांना लोकांनी पत्रांनी न्हाऊ घातलं. मालिकेतल्या बडकीचं लग्न ठरलं तेव्हा शुभेच्छा आल्या, जणू आपल्याच आळीतली मुलगी उजवली जात होती. त्याच्याही आधी, १९५६ मध्ये, डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी या नात्यावर लिहिलं होतं: पडद्यावरचा माणूस आपल्याला ओळखत नाही, आपण मात्र त्याला जिवलगासारखं ओळखतो. ही ओळख एकतर्फी असते, हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पण एकतर्फी म्हणजे पोकळ, असं मला वाटत नाही. माणूस आपला होतो तो रोज येण्याने. रोज ठरल्या वेळी दार उघडून आत येणारा, आपल्याशी न भांडता अर्धा तास बसणारा माणूस कित्येक घरांत टीव्हीतूनच येतो.

आणि त्यातही आपण जास्त जीव लावतो तो एकमेकांची कुणी नसलेल्या माणसांना. ‘सीआयडी’च्या त्या ऑफिसात कुणीही कुणाचा रक्ताचा नव्हता. एसीपी, दया, अभिजीत, फ्रेडरिक्स यांच्या घरी कोण वाट बघतंय हे आपल्याला क्वचितच दिसलं. जे होतं ते त्या टेबलांभोवती होतं. दयाला गोळी लागली की अभिजीतचा चेहरा बघायला लोक थांबायचे. खुनी कोण हे जाहिरातीच्या आधीच ओळखलेलं असायचं.

अंधेरीत हे जास्त कळतं. आरामनगरच्या गल्ल्यांतून ऑडिशनसाठी पाठ केलेली वाक्यं पुटपुटत फिरणारी मुलं-मुली सकाळपासून दिसतात. नांदेडची, साताऱ्याची, इंदूरची, पाटण्याची. यारी रोडला, चार बंगल्याला तीन-चार जण मिळून एक फ्लॅट घेतात. तोही सहज मिळत नाही, ‘बॅचलर’ म्हटल्यावर कित्येक सोसायट्या दारातूनच परत पाठवतात. मिळालाच तर करार अकरा महिन्यांचा. या अकरा महिन्यांत कुणाला ताप येतो, कुणाचं काम जातं, कुणाच्या गावाकडे वडील जातात आणि तिकिटाला पैसे नसतात. रात्री दोन वाजता उठून पेज करणारा माणूस कालपर्यंत अनोळखी होता. आई फोनवर विचारते, “जेवलास का?” आणि पलीकडून तो अनोळखी माणूसच उत्तर देतो, “जेवलाय, काकू, काळजी करू नका.”

झी मराठीने मार्च २०१५ मध्ये ‘दिल दोस्ती दुनियादारी’ सुरू केली ती याच घरावर. मुंबईतला एक फ्लॅट, त्याचं नाव ‘माजघर’, आणि त्यात सहा जण: सुजय, कैवल्य, आशू, रेश्मा, मीनल, ॲना. रेश्मा लग्न करून नवऱ्याच्या भरवशावर या शहरात आलेली. तो भरवसा तुटल्यावर तिला थारा दिला तो या पाच परक्यांनी. सासू-सुनेचं कारस्थान नाही, सूडाची शपथ नाही. भाडं, भांडी, उशिरा घरी येणं, एकमेकांवर रुसणं आणि मग कुणीतरी चहा टाकणं, एवढ्यावर ती मालिका चालली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ती संपली. म्हणजे त्या घराचं आयुष्यही साधारण एका भाडेकराराएवढंच निघालं. ती संपली तेव्हा हॉस्टेलवरची पोरं जशी हळहळली तशी मुलं परदेशी असलेली आईवडील मंडळीही. त्यांना आपल्या मुलाचं तिकडचं घर कसं असेल, हे त्या सहा जणांत दिसत होतं.

मुंबईला अशी घरं नवी नाहीत. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावची खोली असायची. पाळीपाळीने झोपणारे कामगार, खानावळवाल्या बाईंचा डबा, सणाला सगळ्यांची मिळून वर्गणी. धोबीतलावला गोव्याच्या गावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांची मिळून उतरायची घरं, होती, बोटीवर जाणारा खलाशी तिथे ट्रंक ठेवून निघायचा. निदान गाव एक, हा धागा त्यांना होता. अंधेरीच्या फ्लॅटमध्ये तोही नाही. तिथे नातं कोऱ्या पाटीवर सुरू होतं, म्हणून ते टिकवायला जास्त कष्ट पडतात. पडद्यावर कुणीतरी ते टिकवून दाखवतं तेव्हा आपण इतके गुंततो, याचं मूळ मला तिथे दिसतं.

पडद्यामागे काय चालतं तेही पाहिलं पाहिजे. रोजच्या मालिकेत ‘बँक’ नसली, म्हणजे पुढचे भाग हातात तयार नसले, की आज चित्रित झालेलं उद्या दाखवावं लागतं. बारा-बारा, कधी त्याहून जास्त तास माणसं एका छताखाली असतात. मेकअपदादाला कुणाची ॲसिडिटी वाढली ते माहीत असतं. स्पॉटदादा न सांगता बिनसाखरेचा चहा आणून ठेवतो. लेखकाने कागदावर कुटुंब लिहिलेलं असतं, पण ते सेटवर खरोखर थोडंथोडं होत जातं, आणि ते कॅमेऱ्यातून झिरपतंच. प्रेक्षकाला जे जाणवतं ते सगळंच लिहिलेलं नसतं.

५ डिसेंबर २०२३ ला दिनेश फडणीस गेले. ‘सीआयडी’तला फ्रेडरिक्स, सगळ्यांचा फ्रेडी. वय सत्तावन्न. ते कांदिवलीच्या रुग्णालयात होते तेव्हा त्यांच्या प्रकृतीबद्दल माध्यमांशी बोलत होते ते दयानंद शेट्टी, म्हणजे पडद्यावरचे दया. तेव्हा मालिका बंद होऊन पाच वर्षं झाली होती, ती पुन्हा सुरू व्हायची होती. एका सेटवर जमलेली माणसं एरवी पांगतात, नंबरही बदलतात. इथे एक जण दुसऱ्याच्या आजारपणात त्याचा माणूस म्हणून उभा होता. त्या दिवशी ज्यांना हुंदका आला त्यांतल्या अनेकांना फडणीस हे आडनाव ठाऊक नव्हतं. ते फ्रेडीसाठी रडत होते. मला त्यात काही चुकीचं दिसत नाही. त्या माणसाने वीस वर्षं लोकांच्या घरी हसू आणलं होतं, आणि घेणाऱ्याने ज्या नावाने ते घेतलं त्याच नावाने निरोप दिला.

एक गोष्ट मात्र खरी, आणि ती बोचते. पडद्यावरचं घर आपल्याला कधी विचारत नाही, आज कसं वाटतंय. मालिका संपते, पुढच्या सोमवारी त्याच वेळी दुसरे चेहरे येतात आणि मागच्यांचं नावही कुणी काढत नाही. एखाद्या आजींच्या दिवसातून चार माणसं एकदम उठून जातात. त्याचं सुतक नसतं, भेटायला कुणी येत नाही. बोलून दाखवलं तर नातवंडं हसतात. रोज येणाऱ्या माणसांची जागा रिकामी झाली, हे दुःख त्यांना एकटीनेच गिळावं लागतं.

‘माजघरा’तल्या कलाकारांपैकी काहींनी मात्र नातं तोडलं नाही. मालिकेनंतर त्याच वर्षी सुव्रत जोशी, सखी गोखले, अमेय वाघ आणि पूजा ठोंबरे ‘अमर फोटो स्टुडिओ’ या नाटकात एकत्र आले. त्या चौघांना पुन्हा एका रंगमंचावर बघायला लोक तिकीट काढून गेले. २०१९ मध्ये सुव्रत आणि सखी यांनी लग्न केलं.

म्हणून आता सकाळी कुणी म्हणालं, “मालिका संपली, करमत नाही,” तर मी विचारते, “त्यातलं कोण आवडायचं?” मग पुढचा अर्धा तास आम्ही त्याच माणसाबद्दल बोलतो.