लाठी शिकलेला हात

मावळांत वडगांव आणि कामशेत यांच्या दरम्यान कान्हे हें रेल्वेचें ठाणें आहे. समजा, तेथें रात्रीच्या गाडीनें उतरून एक तरुण बांधाबांधानें आपल्या वाडीकडे चालला आहे. तो लहानपणापासून तालमींत गेलेला असून लाठी व कुस्ती जाणतो. वाटेंत एक मनुष्य त्यास अडवून काठी उगारतो. तरुण वार चुकवितो आणि त्यास खालीं पाडतो. काठी दूर जाऊन पडते. येथपर्यंत त्यास कोणी दोष देणार नाहीं. परंतु आतां तो मनुष्य चिखलांत पडला आहे, आणि तरुणाची लाठी अजून वर आहे. खरा प्रश्न येथेंच उत्पन्न होतो.

कित्येक म्हणतील, ज्यानें आधीं हात उचलला त्यास अद्दल घडविलीच पाहिजे. पण अद्दल घडविणें निराळें आणि जीव वांचविणें निराळें. कायदाही हा भेद मानतो. १८६० च्या दंडसंहितेनें आत्मरक्षणाचा हक्क दिला होता, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही तो कायम आहे. मात्र रक्षणास अवश्य तेवढीच इजा करावी, आणि सरकारी अंमलदारांकडे जाण्यास अवसर असेल तर हा हक्क चालत नाहीं, अशी मर्यादा आहे.

जत्रेंतील फडावर पाठ जमिनीस लागली कीं कुस्ती संपली. मग पैलवान पकड सोडतो. आडवाटेवर पंच नसतो, म्हणून तें काम लढणाऱ्यानेंच करावयाचें असतें. त्यांतून, न शिकलेला मनुष्य भयानें भलतीकडे मारतो व तशी सबब सांगूं शकतो. शिकलेल्यास मनगटावरचा वार कोणता व डोक्यावरचा कोणता हें ठाऊक असतें. त्याची सबब लंगडी पडते.

पुण्यांत स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले जोतीराव फुले यांनीं लहुजी वस्ताद साळवे यांजपाशीं दांडपट्ट्याचे व निशाणबाजीचे धडे घेतले होते. १८४८ सालीं त्यांनीं मुलींची शाळा काढली, त्यामुळें त्यांस पुष्कळ शत्रु झाले. १८५६ सालीं एका रात्रीं रोडे आणि धोंडीराम नामदेव कुंभार हे दोघे मारेकरी त्यांच्या घरांत शिरले. चरित्रकार सांगतात कीं, जोतीरावांनीं हत्यार न शोधतां त्यांस विचारलें, तुम्ही कोण व कशाकरितां आलां? त्या शब्दांनीं दोघांचें मन पालटलें. पुढें रोडे त्यांचा रक्षक झाला, आणि धोंडीराम शिकून सत्यशोधक समाजाच्या कामास लागला. हा मनुष्य दुबळा होता म्हणून बोलला असें कोणी म्हणूं शकेल काय?

तथापि हें उदाहरण दुसऱ्याच्या माथीं मारूं नये. सर्वच मारेकरी ऐकून घेत नाहींत. अत्याचाऱ्याच्या हातीं सांपडलेल्या स्त्रीनें आधीं संभाषण करावें असें सांगणें निर्दयपणाचें आहे. तिनें असेल त्या बळानें सुटावें, आणि जवळ असलेल्यानें मधें पडावें. दुसरा गाल पुढें करण्याचें वचन आपल्या तोंडीं असतें. पण प्रमुख याजकापुढें शिपायानें चपराक मारली तेव्हां प्रभूनें मुकाट्यानें न राहतां त्यास कारण विचारलें, हें आपण फारसें सांगत नाहीं. पौलही दिमिष्कांत पाटींत बसून भिंतीवरून उतरला व निसटला. तालमीच्या पोरांस पळण्याची मोठी लाज वाटते, म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

आतां कान्ह्याच्या त्या तरुणाकडे वळूं. त्यानें लाठी खालीं घ्यावी, चार पावलें मागें सरावें, पडलेली काठी उचलून आपल्यापाशीं ठेवावी आणि माणसांची वस्ती गांठून पोलीस पाटलास सर्व हकीकत सांगावी. आपण कोठें व किती मारलें हेंही लपवूं नये. आणि पडलेल्यास उठतां येत नसेल, तर माणसें व कंदील घेऊन त्यास उचलून आणण्याकरितां त्याच वाटेनें परत जावें.