रमला आता

गेल्या पावसाळ्यात आमचा बोका मरता मरता वाचला. त्याचं नाव हळद्या. चार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एका गाडीच्या बॉनेटखाली ओरडत बसलेलं ते पिवळं पिल्लू मी वर आणलं, आणि त्यानंतर लसी आणि नसबंदीसाठी दवाखान्यात नेणं सोडलं तर सहाव्या मजल्याच्या या फ्लॅटबाहेर त्याने पाऊल टाकलेलं नाही. गॅलरीला जाळी, खिडक्यांना जाळी, मुख्य दाराला आतून आणखी एक जाळीचं दार. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे; एक उपाय फसला तर दुसरा तयार असावा, ही सवय अंगात मुरलेली आहे.

त्या रात्री तो मातीच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा जाऊन बसत होता. मला वाटलं, पोट साफ होत नसेल. आजी खुर्चीतून बघत होती. म्हणाली, "आरं, त्याला लघवीला हुईना झालंय. कण्हतोय बघ कसा." आजीने आयुष्यभर म्हशी सांभाळल्या. तिचं खरं निघालं. बोक्यांची मूत्रनलिका फार अरुंद असते. ती खड्यांनी किंवा चिकट स्रावाने तुंबली, तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी रात्रीच नळी घातली. तीन दिवसांनी घरी सोडताना त्यांनी काही प्रश्न विचारले. खातो काय? कोरडं खाणं. पाणी किती पितो? माहीत नाही. ट्रे किती? एक. शेवटी त्यांनी सहज विचारलं, "हा दिवसभर करतो काय?"

"झोपतो."

"आणि उठल्यावर?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या लसींच्या तारखा, दर महिन्याचं वजन, जंताच्या औषधाचा डोस हे सगळं मी एका शीटमध्ये व्यवस्थित भरत होतो. तो उठल्यावर काय करतो, यासाठी त्यात रकानाच नव्हता.

बोक्यांच्या मूत्राशयाचे विकार नुसते खाण्यापाण्यातून होत नाहीत. कायम घरात राहणं, वाढलेलं वजन, कोरडं खाणं आणि ताण या सगळ्यांचा त्यात हात असू शकतो. म्हणजे ज्या चार भिंती मी त्याच्या जिवासाठी उभ्या केल्या, त्यांनीच कदाचित त्याला दवाखान्यात पोचवलं होतं. तेव्हापासून मी एका प्रश्नाशी झटतोय: एखाद्या जिवाला त्याच्याच भल्यासाठी कोंडणं योग्य असतं का? असलंच, तर कोंडणाऱ्याने त्याबद्दल काय देणं लागतं?

आधी कोंडण्याची बाजू मांडतो, कारण ती कमकुवत नाही. आमच्या सोसायटीबाहेर चौपदरी रस्ता आहे, भटक्या कुत्र्यांची टोळी आहे. मांजरांमध्ये पसरणारे जीवघेणे विषाणू आहेत. शिवाय प्रश्न एकट्या मांजराचा नसतो. अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरं वर्षाला किती पक्षी मारतात, याचा अंदाज २०१३ साली प्रसिद्ध झाला होता: १३० ते ४०० कोटी. भारताचं चित्र वेगळं असेल, पण आमच्या आवारातल्या बुलबुलांच्या दृष्टीने हळद्या वर आहे हेच बरं. तेव्हा दार उघडं टाकणं हा काही उदात्त पर्याय नाही. त्यात आपण फक्त आपली जबाबदारी रस्त्यावर सोडून देतो.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती मला आजीच्या गावच्या घरामुळे दिसते. सातारा जिल्ह्यातल्या त्या घरात मांजरं 'पाळलेली' नव्हती. ती होती, इतकंच. कणगीभोवती उंदीर, म्हणून मांजर. माणूस आणि मांजर यांचा करार बहुधा याच अटीवर सुरू झाला. माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे रानमांजरं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजराचा सांगाडा सापडला आहे. एवढ्या जुन्या सोबतीत मांजर आपल्या मर्जीने येत-जात राहिलं. पूर्णपणे घरात राहणारं मांजर ही अगदी अलीकडची गोष्ट. ट्रेमध्ये टाकायची शोषक माती अमेरिकेत एडवर्ड लो नावाच्या माणसाने १९४७ साली विकायला सुरुवात केली. त्याआधी मांजराला दिवसरात्र फ्लॅटमध्ये ठेवणं म्हणजे राख नि वाळू उपसत बसणं. म्हणजे हळद्यासारखं जगणं मांजरांच्या इतिहासात जेमतेम पाऊणशे वर्षांचं आहे. त्याच्या शरीराला ही बातमी अजून पोचलेली नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला ते शिकारीसाठी जागं होतं आणि समोर सोफा असतो.

गावची मांजरं मात्र कमी जगायची, हेही सांगायला हवं. एकीला कुत्र्यांनी फाडलं, एक विहिरीत गेली, किती पिल्लं गेली याचा हिशेब नाही. आम्ही त्यांना दूध-भाकरी घालायचो. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि भाकरी हे मांजराचं अन्नच नव्हे, हे मला इथे आल्यावर कळलं. मांजराला मांसच लागतं. त्यातलं टॉरिन मिळालं नाही तर हृदय आणि डोळे निकामी होऊ शकतात. तेव्हा गावाकडच्या स्वातंत्र्याच्या आठवणींनी मी हळवा होणार नाही. आजीही होत नाही.

मग मोजायचं काय? जगलेली वर्षं, हे एक माप. आमच्या क्षेत्रात सर्व्हर किती वेळ चालू राहिला याचं माप असतं. पण सर्व्हर नुसता चालू असेल आणि एकाही विनंतीला उत्तर देत नसेल, तर तो आकडा दाखवून कुणी टाळ्या मिळवत नाही. हळद्याच्या बाबतीत मी नेमकं तेच करत होतो.

पाळीव जनावरांच्या कल्याणाचा विचार करणाऱ्यांना हा पेच आधीच पडला होता. ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रॅम्बेल समितीने, दाटीवाटीने कोंडलेल्या जनावरांना निदान उठता, बसता, वळता, अंग चाटता आणि हातपाय ताणता आलं पाहिजे, असं म्हटलं. त्यातून पुढे पाच मुक्ततांची यादी तयार झाली: भूक-तहान, गैरसोय, वेदना-आजार, भीती यांपासून मुक्तता, आणि पाचवी, आपल्या जातीचं नैसर्गिक वर्तन करण्याची मोकळीक. पहिल्या चार गोष्टी काढून घेण्याच्या आहेत. पाचवी मात्र द्यायची आहे. मी चारांवर पास झालो होतो आणि पाचवी वाचलीच नव्हती. मार्था नुसबाम यांनी 'फ्रंटिअर्स ऑफ जस्टिस' या २००६ सालच्या पुस्तकात प्राण्यांबद्दल साधारण याच दिशेचा विचार मांडला आहे: दुःख नसणं पुरेसं नाही, त्या जिवाला त्याच्या परीने फुलता आलं पाहिजे.

हे तत्त्व आमच्या दोन बेडरूमच्या घरात उतरवायचं म्हणजे काय, ते सांगतो. मांजराच्या शिकारीला एक क्रम असतो: टेहळणी, दबा, झडप, चावा, खाणं, अंग चाटणं, झोप. घरात आपण त्यातलं खाणं आणि झोप तेवढी ठेवतो. आता रोज पहाटे आणि संध्याकाळी दहा-दहा मिनिटं मी काठीला दोरी आणि दोरीला पीस बांधून ते जमिनीवरून फिरवतो, सोफ्यामागे लपवतो, आणि शेवटी त्याला पकडू देतो. लेझरचा ठिपका बंद केला, कारण ठिपका कधीच हाती लागत नाही. पकडलं की लगेच ओलं खाणं. पाण्याची भांडी खाण्यापासून लांब, तीन ठिकाणी. ट्रे दोन, वेगवेगळ्या खोल्यांत. कपाटाच्या माथ्यापर्यंत चढत जाणाऱ्या फळ्या, कारण मांजराला उंचावरून बघायला आवडतं. ओरबाडायला सुतळी गुंडाळलेला खांब. आणि लपायला पुठ्ठ्याचे खोके. पाहुणे आले की तो त्यात असतो आणि त्याला कुणी बाहेर काढायचं नाही, हा नियम.

एवढं केल्यावर त्याचं वजन उतरलं, रात्रीचं ओरडणं थांबलं, आणि दारापाशी बसून राहणं कमी झालं. एका रविवारी मी बाबांना म्हटलं, "रमला आता."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. आमच्याच घरात, दुसऱ्या कुणाबद्दल.

दीड वर्षापूर्वी आजी गावी पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि बाबांनी तिला इकडे आणलं. ती परत जायचं म्हणाली तेव्हा बाबांच्या बाजूने सगळ्यात नेटका युक्तिवाद मी केला होता: मोठं हॉस्पिटल लांब, संडास अंगणापलीकडे, रात्री हाकेला कुणी नाही. हळद्यासाठी केलेल्या यादीशी ही यादी ताडून पाहिली तर फक्त कुत्र्यांची टोळी कमी होती. आजीला वेळेवर जेवण मिळतं, गोळ्या मिळतात, टीव्ही आहे. सुरुवातीला ती रोज विचारायची, कधी जायचं. मग आठवड्याने. मग विचारेनाशी झाली, आणि आम्ही सगळे म्हणू लागलो, रमली आता.

कोल्ह्याला द्राक्षं आंबट, ही म्हण आपण दुसऱ्याला चिडवायला वापरतो. यॉन एल्स्टर या विचारवंताने १९८३ सालच्या आपल्या पुस्तकाला तेच नाव दिलं आणि त्यातला गंभीर मुद्दा पुढे ठेवला: जे मिळणं शक्य नाही ते नकोच असं वाटायला लागणं, हा समाधानाचा पुरावा धरता येत नाही. दार ठोठावणं थांबतं ते कधी आतलं आवडायला लागल्यामुळे, तर कधी दार उघडणार नाही हे कळल्यामुळे. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

हळद्याच्या बाबतीत हा संशय पूर्ण फिटणार नाही, पण त्याच्यापुरता मला एक आधार सापडतो. रस्ता, गाडी, विषाणू यांचा धोका मांजराला तोलता येत नाही. तो बाहेर गेला असता तर धोका पत्करून गेला नसता, धोका न कळता गेला असता. तेव्हा त्याच्यासाठी कुणीतरी ठरवावंच लागतं, आणि दार उघडं ठेवणं हाही मीच घेतलेला निर्णय ठरतो. बंद दाराची किंमत म्हणजे रोजची ती वीस मिनिटं, त्या फळ्या, ते ट्रे. हौस म्हणून हे करायचं नाही, फेडायचं आहे. ज्याला हे फेडायचं नाही, त्याने मांजर घरात आणू नये.

पण हाच आधार आजीला लावला की कोसळतो. पडणं म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. हाड तिचं मोडलं होतं. तिला धोका कळतो, तोलता येतो, पत्करता येतो. मांजराचं नैसर्गिक वर्तन शिकार असेल, तर माणसाचं ठरवणं आहे. आजीच्या यादीतली पाचवी गोष्ट आम्ही काढून घेतली होती आणि बदल्यात टीव्ही दिला होता. मला जास्त लागलं ते वेगळंच. हळद्याला बोलता येत नाही, म्हणून मी त्याच्याकडे महिनोन् महिने निरखून बघत होतो. आजीला बोलता येतं, आणि ती गप्प झाली याचंच आम्हाला बरं वाटलं.

बाबांवर अन्याय नको. आजी गावी पुन्हा पडली तर रात्री गाडी काढून धावणार ते आहेत. त्यांच्या झोपेचाही यात वाटा आहे. तिने एकटीने ठरवावं आणि बाकीच्यांनी निमूट निस्तरावं, असं माझं म्हणणं नाही. पण तिच्याशिवाय ठरवावं, हे तर नक्कीच नाही.

म्हणून एका संध्याकाळी मी तिला विचारलं, "आजी, तुला गावाला जायचंय का?"

"मला इचारतोयस व्हय?" ती हसली. मग बराच वेळ काही बोलली नाही. "कायमचं न्हाई रे आता जमायचं. ते कळतंय मला. पर घराची किल्ली तुझ्या बाबाकडं हाय. ती माझ्याकडं दे."

मी मोठ्या चर्चेच्या तयारीने बसलो होतो: जिन्याला कठडा, आतला संडास, दिवसा कुणी बाई. त्यातलं काही पुढे होईलही. बाबांनी त्या रात्री किल्ली दिली. आता ती आजीच्या कापडी पिशवीत असते, गोळ्यांच्या पाकिटाशेजारी. दिवाळीनंतर आई-बाबा तिला घेऊन पंधरा दिवस जाणार आहेत. तारीख तिने काढली आहे आणि ती दोनदा बदलली आहे.

मी इथेच राहणार, हळद्यासाठी. त्याला किल्ली देता येत नाही. आत्ता संध्याकाळचे सहा वाजलेत, तो गॅलरीच्या जाळीपाशी बसून समोरच्या कठड्यावरच्या कबुतराकडे बघतोय आणि त्याच्या दातांमधून तो कटकट आवाज येतोय. त्याला काय वाटतंय, मला सांगता येणार नाही. मी काठी आणायला उठतोय.