पट मांडणाऱ्याचे पाऊल

रोवणी आटोपून बांध्यांतले पाणी निवळले होते, त्या दिवसांत नागपूरला अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारी माझी भाची दोन दिवसांसाठी आमगावला आमच्या घरी आली आणि माजघरात लॅपटॉप मांडून, बाहेरच्या जगाशी सारा व्यवहार तोडून, एक लहानसा व्हिडिओ गेम रचीत बसली. ज्या उपक्रमासाठी ती हे करीत होती त्याला गेम जॅम म्हणतात, एवढेच मला ठाऊक होते. बाकीचे तिने जेवता जेवता सांगितले. प्रारंभाच्या क्षणी एक विषय जाहीर व्हावा, तो कानी पडल्यावर ठरल्या मुदतीत, बहुधा ४८ तासांत, कल्पना, चित्रे, ध्वनी आणि आज्ञावली यांसह संपूर्ण खेळ उभा करावा आणि मुदत सरताच तो जगापुढे ठेवून द्यावा, असा या जॅमचा शिरस्ता. अशा उपक्रमांपैकी एक जुना उपक्रम २००२ साली सुरू झाला; त्याचे ‘लुडुम डेअर’ हे लॅटिन नाव ‘खेळ देणे’ या अर्थाचे आहे. तेथे एकट्याने उतरणाऱ्यास आपली आज्ञावलीही सर्वांना खुली करावी लागते, गुण सहभागी मंडळीच एकमेकांना देतात, आणि विजेत्यास द्रव्य मिळत नाही. जो खेळ हातून घडला तेच त्याचे पारितोषिक.

“मग इतकी जागरणं कशासाठी?” असे मी विचारले, तेव्हा पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, “करावंसं वाटतं म्हणून, मामा.” हे उत्तर एखाद्यास पोरकट वाटेल, मला मात्र ते ऐकून ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाचा पहिला पाद आठवला. तेथे ३२ व्या सूत्रात पूर्वपक्षाने हाच प्रश्न ईश्वरापुढे टाकला आहे : प्रयोजनावाचून कोणी प्रवृत्त होत नाही आणि पूर्णकामाला प्रयोजन संभवत नाही, तर त्याने सृष्टी का निर्माण केली? ३३ वे सूत्र उत्तर देते की, लोकांत दिसते तशी ती केवळ लीला होय. शंकराचार्य भाष्यात दोन दृष्टान्त देतात. ज्याच्या सर्व इच्छा तृप्त झाल्या आहेत असा राजा किंवा राजाचा अमात्य काही मिळवायचे नसताही क्रीडेत रमतो, हा पहिला. आणि श्वासोच्छ्वास बाह्य हेतूवाचून स्वभावतःच चालतो, हा दुसरा. राजाच्या क्रीडेपेक्षा श्वासाचा दृष्टान्त मला अधिक जवळचा वाटतो, कारण त्या मुलीच्या मुद्रेवर त्या दोन दिवसांत करमणूक नव्हती. श्वास घ्यावा तितक्या सहजतेने आणि तितक्याच अगतिकतेने ती रचीत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने तो खेळ मला खेळावयास दिला. एक मुलगी डोक्यावर शिदोरी घेऊन बांध्यांच्या धुऱ्याधुऱ्याने तलावाच्या पाळीपर्यंत जाते, तेथे तिचा बाप काम करीत असतो, आणि शिदोरी पोचली की खेळ संपतो. मी सावधपणे निघालो. पण तिसऱ्या वळणावर धुरा पाण्याखाली फुटलेला होता, वरून तसे काहीच दिसत नव्हते, आणि ती मुलगी शिदोरीसह बुडाली. पुन्हा आरंभ केला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच घडले. “यात माझा अपराध कोणता?” असे मी जरा दुखावून म्हणालो. ती गप्प राहिली, आणि मलाच उमगले की माझी ही लहानशी फिर्याद म्हणजे त्याच पादातील पुढच्या सूत्राचा विषय आहे. सृष्टी ही लीला असेल, तर कोणी सुखी आणि कोणी दुःखी या विषमतेचा आणि दुःख देण्यातील निर्दयतेचा दोष लीला करणाऱ्यावर येतो, अशी ती कैफियत. आणि ईश्वर जीवांच्या कर्मांची अपेक्षा ठेवून फळ देतो, म्हणून हे दोष त्याला लागत नाहीत, असे तिचे समाधान. आचार्य येथे पर्जन्याचा दाखला देतात. पाऊस हे साळीला आणि जवाला सारखेच साधारण कारण, भेद आहे तो बीजाचा. धानाच्या या मुलखात तो दृष्टान्त डोळ्यांपुढे सहज उभा राहतो.

भाचीने भाष्य वाचलेले नव्हते, तरी संध्याकाळपर्यंत तिने जी दुरुस्ती केली ती त्याच दिशेची होती. तिने खड्डे बुजविले नाहीत. जेथे धुरा फुटलेला, तेथून पाणी एका बांधीतून दुसरीत वाहते, त्याची बारीक वळी पृष्ठभागावर दिसते आणि कान दिला तर खळखळ ऐकू येते, हे शिवारातले सत्य तिने खेळात आणले. आता जो बुडेल तो आपल्या अनवधानाने बुडेल. दुःख तेवढेच राहिले. परंतु त्याला कारण मिळाले, आणि कारण मिळताच अन्यायाची भावना ओसरली.

तथापि माझे मन एवढ्यावर थांबेना. परंपरा ज्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांना देते तो मोक्षपट आठवा. शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे, त्यांवरून चढत-घसरत जीव अखेरच्या घराकडे जातो; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच भारतीय पट इंग्लंडात मुलांच्या करमणुकीचा सापशिडीचा खेळ झाला. परंतु सापाच्या घरात मला नेऊन टाकतात त्या कवड्या; मी लोभ केला म्हणून लोभाच्या सापाने गिळले, असे तेथे घडत नाही, तर कवड्या तशा पडल्या म्हणून मी लोभी ठरतो. कवड्या म्हणजे प्रारब्ध, असे म्हणता येईल. सूत्रकारही कर्माला अनादी मानून शंकेची वाट अडवितात. तर्काच्या दृष्टीने ते उत्तर निर्दोष असेल. पण ज्याचे रोप डोळ्यांदेखत करपते आहे त्याला ‘दोष तुझ्या बीजाचा’ एवढेच सांगून परतणे आपल्या पूर्वजांनाही रुचले नाही. गोंड राजवटीत कोहळी समाजातील कसबी माणसांनी या भागात तलाव बांधले. पुढे दप्तरात ते मालगुजारी तलाव म्हणून नोंदले गेले आणि आजही धानाला पाणी देतात. पर्जन्याच्या निष्पक्षपातीपणाला करुणेची जोड हवी, हे त्यांनी मातीत लिहून ठेवले.

त्या करुणेचे स्वरूप काय असावे, याचा विचार करताना मला आमच्या शेजारच्या कवीचा आधार वाटतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी आठव्या शतकातील भवभूतीचे पद्मपूर आमगावजवळचेच असे ठरविले, आणि येथील महाविद्यालयही त्याच्याच नावाचे आहे. त्याच्या ‘उत्तररामचरिता’त रामाने सीतात्यागाचा निर्णय दिल्यावर कवी त्याला राजधर्माच्या आड लपू देत नाही. तिसऱ्या अंकात तो त्याला पुन्हा पंचवटीत नेतो, जेथे प्रत्येक झाड त्याला जुने दिवस सांगते, आणि जिच्यावर अन्याय झाला ती सीता अदृश्य राहून त्याचा शोक पाहते. सातव्या अंकात तर वाल्मीकीने रचलेल्या नाटकाचा प्रेक्षक म्हणून त्याला बसवून, त्याच्याच निर्णयाने सीतेवर काय ओढवले ते त्याला पाहावयास लावतो. एवढे झाल्यावरच तो उभयतांचे मीलन घडवितो, जे रामायणाच्या उत्तरकांडात घडत नाही. ज्याने हुकूम दिला त्याने त्या हुकमाचे दुःख स्वतःच्या अंगावर घेतल्याखेरीज नाटकाचा शेवट गोड करण्याचा अधिकार भवभूती स्वतःलाही देत नाही, असे मला वाटते.

आणि येथे ज्ञानेश्वरांचे तत्त्वज्ञान मला उजेड देते. ‘अमृतानुभवा’त त्यांनी अज्ञान हे जगाचे मूळ मानणाऱ्या मताचे खंडन करून जग हा चैतन्याचाच विलास ठरविला, द्रष्टाच दृश्य होऊन आपल्याला पाहतो. तसे असेल तर ३४ व्या सूत्रातील फिर्यादीला निराळेच उत्तर मिळते. पट मांडणारा आणि पटावर घसरणारा हे दोघे वेगळे नाहीत. साप ज्याला गिळतो तो लीला करणाराच आहे. आमच्या विदर्भातच, रिद्धपूरला, म्हाइंभटांनी तेराव्या शतकात श्रीचक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या, त्या ग्रंथाचे नाव ‘लीळाचरित्र’. आणि त्यातील लीळा म्हणजे विश्वाची उत्पत्ती-संहार नव्हेत, तर अनुयायी ज्याला परमेश्वर मानीत त्याचे गावोगाव पायी हिंडणे, जेवणे, बोलणे, दुखल्या-खुपल्याची विचारपूस करणे. लीला या शब्दाला मराठीने दिलेला हा अर्थ मला अमोल वाटतो. खेळ मांडणाऱ्याने त्या खेळाची वाट स्वतः पायी तुडविली पाहिजे.

याने जगातील दुःखाचा उलगडा होतो, असे मी म्हणणार नाही. ज्याचे दुःख आहे त्याला ते ‘एकाच चैतन्याचे’ म्हणून सांगणे पुष्कळदा क्रौर्याचे होते. परंतु मनुष्य जेव्हा निर्माता होतो, मग त्याची सृष्टी दोन दिवसांची आणि वाट चार धुऱ्यांची का असेना, तेव्हा त्याच्यापुरती कसोटी यातून निश्चित मिळते. निर्हेतुक असणे ही लीलेची थोरवी खरी. पण हेतू नाही म्हणून उत्तरदायित्व नाही, असे होत नाही. जो आपल्या पटावर येईल त्याला कारणावाचून बुडवू नये, हे न्यायाचे अंग. आणि जेथे त्याला बुडावे लागेल तेथे आपण आधी बुडून पाहिलेले असावे, हे करुणेचे.

मुदत संपावयास तास-दीड तास उरला असता मी पाणी प्यावयास उठलो, तेव्हा माजघरात दिवा होता. खेळ तयार झाला होता, रवाना करणे तेवढे बाकी होते. पण भाची तो पुन्हा पहिल्या धुऱ्यापासून खेळत होती. प्रत्येक खड्डा तिनेच खणलेला, तिला तोंडपाठ. तरी ती प्रत्येक फुटलेल्या जागी थांबे, खळखळ ऐकू येते की नाही ते कान देऊन ऐके, मग जाणूनबुजून पाऊल पुढे टाकी, बुडे, आणि पुन्हा शिदोरी उचलून निघे.