वस्तीची जबानी

खुनाच्या रहस्यकथेचे मूळ अज्ञानात आहे, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. प्रेत सापडते, मारेकरी कोण हे कोणासही ठाऊक नसते, आणि तीक्ष्ण बुद्धीचा कोणी परका इसम येऊन ते शोधून काढतो. आगगाडीच्या डब्यात किंवा महानगरातल्या हॉटेलात घडणाऱ्या कथेपुरते हे खरे असेलही. परंतु जेथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून राहतात, जेथे कोणाची मनिऑर्डर कोठून येते, कोणाची सून माहेरी जाऊन का बसली आणि कोणाचा मुलगा रात्री किती वाजता जिना चढतो, याची नोंद कोणत्याही दप्तरात नसली तरी प्रत्येकाच्या मनात असते, अशा वस्तीत खून पडला म्हणजे रहस्याला अज्ञानाचा आधार उरत नाही. तेथे माहिती उदंड असते. जबानी मात्र कोणी देत नाही. जाणणे आणि सांगणे यांमधले हे अंतर हाच, माझ्या मते, वस्तीतल्या रहस्यकथेचा खरा विषय आहे, आणि लेखक ते किती सहजपणे मिटवतो, यावरून त्याच्या हातून करमणूक घडली की साहित्य, याची परीक्षा करता येते.

अगाथा ख्रिस्ती ते फार सहजपणे मिटवते. १९२६ सालच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’मधील डॉक्टरांची बहीण कॅरोलाइन घराचा उंबरा न ओलांडता गावाची खबर ठेवते, आणि पुढे १९३० साली मिस मार्पल कादंबरीत अवतरते ती बव्हंशी याच चौकस बाईच्या वंशातली, असे ख्रिस्तीने स्वतःच सुचवून ठेवले आहे. तिच्या सेंट मेरी मीड गावच्या धर्मगुरूच्या अभ्यासिकेत कर्नल प्रोथरो गोळी लागून मरतो तेव्हा शेजारच्या बागेत काम करणाऱ्या मिस मार्पलला कोण कोणत्या वाटेने आले आणि गेले हे ठाऊक असते, आणि ते सांगण्यास तिला किमपि संकोच वाटत नाही. कवी ऑडेन याने १९४८ सालच्या ‘द गिल्टी व्हिकरेज’ या निबंधात, आपल्याला या कथांचे तंबाखूसारखे व्यसन आहे अशी कबुली देऊन, या गोडीची मीमांसा केली आहे: कथेतला समाज मूलतः निष्पाप असतो, खुनाने त्याचा निष्पापपणा भंगतो, आणि एका अपराध्याला वेगळे काढले की तो पूर्ववत होतो. मीमांसा मार्मिक आहे. परंतु जो समाज एका माणसाला बाहेर काढून इतक्या स्वस्तात शुद्ध होतो, त्याच्या शुद्धतेविषयी आपण जरा संशयीच असावे, असे मला वाटते.

जाणणे आणि सांगणे यांच्या बाबतीत आपल्या फौजदारी कायद्याचे वस्तीविषयीचे ज्ञान कादंबरीकारांपेक्षा पुष्कळ जुने आहे. संशयास्पद मृत्यूची खबर मिळताच पोलीस अंमलदाराने जागेवर जाऊन, परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष, प्रेतावरील जखमा, अस्थिभंग आणि इतर खुणा यांचे वर्णन करून मृत्यूचे सकृद्दर्शनी कारण लिहून काढावे, असे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ ने फर्मावले. १९७३ च्या संहितेत तो नियम त्याच क्रमांकाने राहिला आणि आता २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १९४ म्हणून वावरतो आहे. त्या अहवालावर अंमलदारासोबत उपस्थितांपैकी ज्यांना तो मान्य असेल तेवढ्यांनीच सही करावी, ही त्यातली तरतूद मला विशेष विचार करण्याजोगी वाटते. परका अंमलदार प्रेत पाहील, पण ते पाहिले गेले याची शाश्वती शेजाऱ्यानेच द्यायची.

मग घटनास्थळाचा पंचनामा लिहिला जातो. जागेच्या चतुःसीमा नमूद होतात: पूर्वेस अमक्याचे राहते घर, पश्चिमेस सार्वजनिक नळ, उत्तरेस बोळ, दक्षिणेस तमक्याची पिठाची गिरणी. हे अमके आणि तमके म्हणजे ज्यांच्या कानावर रात्रीचा आवाज पडला असण्याचा सर्वाधिक संभव, तेच. पण दस्तऐवजात ते बोलत नाहीत, केवळ सीमा म्हणून उभे राहतात. पुढे खटला उभा राहीपर्यंत शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण प्रत्येक घरात आठवली जाते, आणि पंच फितूर झाला की वर्तमानपत्रे त्याचा विश्वासघात म्हणून उच्चार करतात. मला त्या पंचाविषयी किंचित सहानुभूती वाटते. न्यायालय त्याला एकदाच बोलावते. आरोपीच्या आईशी पाणी भरताना त्याची गाठ रोज पडते.

हे अंतर ज्याने कथेच्या केंद्रस्थानी आणून ठेवले, तो लेखक म्हणजे गाब्रिएल गार्सिया मार्केस. १९५१ साली कोलंबियातल्या सुक्रे गावी त्याच्या ओळखीच्या एका तरुणाचा खून झाला. मृताची आई हयात आहे तोवर लिहू नकोस, असे लेखकाच्या आईने त्याला बजावले, आणि पूर्वसूचित मृत्यूचा तो वृत्तांत कादंबरीरूपाने बाहेर पडला तो १९८१ साली. म्हणजे वस्तीच्या मौनाविषयीची ही कादंबरीसुद्धा वस्तीच्याच भिडेखातर तब्बल तीस वर्षे अडून राहिली.

रहस्यकथेचे सारे साहित्य येथे उलटे मांडलेले आहे. सांतियागो नासार मारला जाणार, हे पहिल्याच वाक्यात कळते. मारेकरी विकारिओ घराण्यातले जुळे भाऊ आहेत, हेही लपवलेले नाही. आंखेला विकारिओ लग्नाच्या रात्रीच माहेरी परत पाठवली जाते, आपल्या अब्रूची हानी करणारा म्हणून ती सांतियागोचे नाव घेते, आणि तिचे भाऊ बाजारात सुऱ्यांना धार लावून क्लोतिल्दे आर्मेंताच्या दूधविक्रीच्या दुकानात वाट पाहत बसतात. वाट पाहताना भेटेल त्याला ते आपला बेत सांगतात. इतके सांगतात की, कोणीतरी आपल्याला अडवावे हीच त्यांची मनोमन याचना आहे, हे दुकानदारीण बाई ओळखते. गावचा महापौर सुऱ्या काढून घेतो, आणि कर्तव्य पुरे झाले असे मानून आपल्या वाटेने जातो. भाऊ दुसऱ्या सुऱ्या घेऊन येतात. बिशपची बोट येणार म्हणून गाव धक्क्यावर लोटते. तो उतरतसुद्धा नाही. कोणीतरी सावधगिरीची चिठ्ठी दाराखालून सरकवलेली असते. तिच्यावरून माणसे ये-जा करतात, ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही. स्वयंपाकीणबाई विक्टोरिया गुस्मान हिला सर्व ठाऊक असते, आणि ती गप्प का राहिली हे तिच्या मरणानंतर तिची मुलगी सांगते: त्याने मरावे, असेच तिला अंतर्यामी वाटत होते. शेवटी मुलगा वर सुखरूप आहे अशा समजुतीने आई दार लावून घेते, आणि त्या बंद दारावरच त्याच्यावर सुऱ्यांचे वार होतात.

निवेदक सत्तावीस वर्षांनी गावी परततो आणि चौकशी करू लागतो, तेव्हा प्रत्येकाजवळ एक सबब तयार असते. कोणास वाटले ही दारूच्या धुंदीतली बडबड आहे, कोणास वाटले एव्हाना त्याला दुसऱ्याने सांगितलेच असेल. ही दुसरी सबब मला अधिक भयंकर वाटते, कारण तिच्यात लबाडी नाही. जेथे सर्वांना सर्व ठाऊक असते तेथे सांगण्याची जबाबदारीही सर्वांची होते, म्हणजेच कोणाचीच राहत नाही. तपासाचे कागद निवेदकाला मिळतात ते पाणी भरलेल्या कचेरीत आणि अपुरे. आणि ज्या अपराधासाठी सांतियागो मारला गेला तो त्याने केला होता काय, हा एकमेव खरा प्रश्न पुस्तक संपेपर्यंत उघडाच राहतो. ज्याला रहस्य म्हणावे ते आंखेलाजवळ आहे, आणि तिची जबानी कधीच बदलत नाही.

मौनाऐवजी बडबडीतून हेच अंतर दाखवणारी इटालियन लेखक कार्लो एमिलिओ गाद्दा याची कादंबरी १९४६ साली नियतकालिकातून आणि १९५७ साली पुस्तकरूपाने आली. १९२७ सालच्या, म्हणजे फॅसिस्ट अमलाखालच्या रोममधील व्हिया मेरुलानावरच्या २१९ क्रमांकाच्या इमारतीत आधी दागिन्यांची चोरी होते आणि पाठोपाठ त्याच मजल्यावरच्या लिलियाना बाल्दुच्चीचा खून. तेथले शेजारी अडखळत नाहीत. ते आपापल्या बोलीत इतके बोलतात की फौजदार इन्ग्राव्हाल्लो त्या जबान्यांच्या पुरात बुडून जातो. कोणत्याही अनर्थाला एकच कारण नसते, अशी त्याची धारणा आहे, आणि गाद्दाने ती इतक्या निष्ठेने पाळली की कादंबरी निर्णायक उलगडा न करताच थांबते. १९५९ साली पिएत्रो जेर्मीने तिच्यावर चित्रपट काढला तेव्हा प्रेक्षकांसाठी गुन्हेगार पुरवावा लागला, हे ओघानेच आले.

मराठीत या प्रकारच्या कादंबरीला जागा तयार होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे चाळी उठवल्या: तळमजल्यावर तीन मजले, एकेका इमारतीत ऐंशी खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. पु. ल. देशपांडे यांनी १९५८ साली ‘बटाट्याची चाळ’ देऊन चाळजीवनातला विनोद अमर केला. चाळीतल्या भयाला मात्र असा लेखक भेटला नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंझार आणि काळापहाड ज्या खोल्यांत दिव्याखाली अधाशीपणाने वाचले गेले, त्या खोल्यांत ते नायक क्वचितच शिरले. यात अर्नाळकरांना दोष देता येणार नाही. दिवसभर गिरणीत राबलेल्या वाचकाला बंगले, मोटारी आणि वेषांतरे हवी असतात. शेजाऱ्याचे तोंड तो फुकट पाहतो.

परंतु समजा, अशा चाळीत रात्री दोन वाजता किंकाळी उठली. भिंतीपलीकडचा खोकला ज्यांना ओळखू येतो, अशी माणसे सकाळी फौजदारापुढे एकामागून एक उभी राहतील, आणि प्रत्येकाच्या जबानीत आपण गाढ झोपेत असल्याचे, रातपाळीवर असल्याचे किंवा पोराला ताप असल्याने लक्ष नसल्याचे लिहिले जाईल. मोटारीतून आलेल्या गुप्तहेराला तेथे काहीही मिळणार नाही. ती कादंबरी सांगायला तिसऱ्या मजल्यावरचाच कोणी रहिवासी हवा, ज्याने स्वतः त्या सकाळी पंच म्हणून सही केली आणि किंकाळी ऐकल्याचे सांगितले नाही.