पूर्ण वर्तमानकाळाची नीति

इंग्रजी व्याकरण शिकणाऱ्या विद्यार्थ्यास बारा काळांचें कोष्टक पाठ करण्यास फारसे कष्ट पडत नाहींत. कष्ट पडतात ते साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ यांतील भेद जाणण्यास. 'आय ब्रोक द कप' आणि 'आय हॅव ब्रोकन द कप' या दोन्ही वाक्यांत कप फुटलेलाच आहे. मग दोन काळ कशाला? क्रिया नुकतीच घडली असल्यास पूर्ण वर्तमानकाळ योजावा, असें उत्तर पुष्कळदां दिलें जातें. पण तें पुरेसें नाहीं. हा भेद काळाच्या अंतराचा नसून, घडलेल्या कृत्याचें आजशीं काय नातें आहे याचा आहे.

लिंडले मरे यानें 1795 सालीं प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी व्याकरणांत याचें एक मार्मिक उदाहरण दिलें आहे. रोमन वक्ता सिसेरो यानें भाषणें लिहिलीं, हें पूर्ण वर्तमानकाळांत सांगतां येतें. त्यानें काव्यें लिहिलीं, हें मात्र सांगतां येत नाहीं. कारण भाषणें विद्यमान आहेत, काव्यें लोपलीं. कृत्य कित्येक शतकांपूर्वींचें असो. कर्ता किंवा कृति यांपैकीं एक जरी शिल्लक असेल, तरी हा काळ चालतो, असा मरेचा नियम. उलट 'काल' हा शब्द वाक्यांत आला कीं तो चालत नाहीं. म्हणजे साध्या भूतकाळांत घटनेस तिथि मिळते आणि ती तेथेंच मिटते. पूर्ण वर्तमानकाळांत ती आजच्या खातेवहींत उभी राहते.

या काळाची घडणही अर्थपूर्ण आहे. 'हॅव', म्हणजे 'जवळ असणें', या क्रियापदास भूतकालवाचक धातुसाधित जोडून तो होतो. जुन्या इंग्रजींत असें वाक्य 'मजजवळ पकडलेला मासा आहे' अशा धर्तीचें असे, आणि धातुसाधिताचें रूप कर्माप्रमाणें बदलूं शके. पुढें तेथें ही जुळणी नाहींशी झाली. आमच्या मराठींत ती अद्याप आहे: मीं पत्र लिहिलें आहे, चिठ्ठी लिहिली आहे. पण मराठींत कर्ता तृतीयेंत राहतो आणि क्रियापद कर्माच्या मागें जातें. इंग्रजींत कर्ता आपल्या कृत्याचा जणूं मालक होतो. केलेलें कर्म त्याच्या पदरीं असतें.

येथें व्याकरणाचा प्रश्न नीतीचा होतो. आपल्या कृत्यांस आपण कोणता काळ लावावा? बहुतेकांची रीत ठरलेली आहे. केलेले उपकार पूर्ण वर्तमानकाळांत: 'मीं त्याच्यासाठीं काय काय केलें आहे!' केलेला अपराध भूतकाळांत: 'झालें गेलें, गंगेला मिळालें.' दुसऱ्यांच्या बाबतींत हीच रीत नेमकी उलट फिरते. वडिलार्जित घराच्या वाटणींत ज्यानें भावास फसविलें, तो वीस वर्षांनीं म्हणतो, 'तेव्हां तसें घडलें'. आणि त्या भावाचीं मुलें अजून भाड्याच्या खोलींत दिवस काढीत असतात. मरेचा नियम येथें लावून पाहावा. कर्ता जिवंत आहे, कृतीचें फळही जिवंत आहे; मग त्या वाक्यास भूतकाळ कसा शोभेल?

यावर कोणी म्हणेल कीं, अशानें मनुष्याची गतायुष्यापासून कधींच सुटका व्हावयाची नाहीं. आक्षेप खरा आहे. जन्मभर एकच चूक उगाळीत बसणें हा कांहीं धर्म नव्हे. परंतु सुटका देण्याचा अधिकार कोणाचा, हें पाहिलें पाहिजे. अपराध्यानें आपल्या वाक्याचा काळ आपणच बदलणें म्हणजे ऋणकोनें सावकाराच्या वहींत स्वतःच्या हातानें जमा मांडणें होय. त्यानें नुकसान भरून द्यावें आणि वाट पाहावी. त्यापलीकडे त्याच्या हातीं कांहीं नाहीं. 'तूं हें केलें आहेस' असें म्हणण्याचा ज्यास हक्क आहे, त्यानें आपण होऊन 'तूं हें केलेंस' एवढेंच म्हणावें, यालाच क्षमा म्हणतात.